जखम, फाज आणि बाटलीतला हिशेब

२०१४च्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाला नवी चपल चावली. मधुमेह जुना, पायाची जाणीव कमी झालेली. फोड आल्याचे त्याला कळलेच नाही. तो फुटला, चिघळला, हिरवट पू येऊ लागला आणि दसऱ्याच्या सुमारास दादाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याआधी आठवडाभर पुवाच्या तपासणीचा जो कागद हाती आला, तो मी जपून ठेवला आहे. वर जिवाणूचे नाव : सुडोमोनास एरुजिनोसा. खाली प्रतिजैविकांची लांबलचक यादी आणि प्रत्येक नावापुढे एक अक्षर. 'आर', 'आर', 'आर'. आर म्हणजे रेझिस्टंट. त्या औषधाला हा जिवाणू जुमानत नाही. तळाशी एकच 'एस' होता, कोलिस्टिनपुढे. ते औषध मूत्रपिंडांना जड, आणि दादाची मूत्रपिंडे आधीच थकलेली.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन सहकारी बँकेत चिकटलो, आणि नोकरीची बहुतेक वर्षे खतावण्या जुळवण्यात गेली. पण तो कागद मनातून जाईना. प्रतिजैविके येऊन जेमतेम पाऊणशे वर्षे झाली. त्याआधी पुवाने भरलेल्या जखमेवर माणसे करत तरी काय होती? एवढ्या साध्या प्रश्नापासून माझे वाचन सुरू झाले. त्याला आता दहा वर्षे होऊन गेली. या लेखात त्या वाचनातला एकच धागा घेतला आहे : जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफाजचा. पुढे त्यांना नुसते 'फाज' म्हणतो.

पहिल्या महायुद्धापासून सुरुवात करावी लागते, कारण आधुनिक अर्थाने जखमेचा अभ्यास तिथे सुरू झाला. फ्रान्समधली शेतजमीन शेणखताने शतकानुशतके पोसलेली. तोफगोळ्याच्या तुकड्याबरोबर ती माती आणि गणवेशाच्या चिंध्या मांसात खोल शिरत, आणि आत वायुकोथ सुरू होई. सर्जन जखमेत कार्बोलिक ओतत. बुलोनच्या लष्करी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने काचेची वेडीवाकडी कृत्रिम 'जखम' बनवून दाखवले की जंतुनाशक त्या कानाकोपऱ्यांत पोचतच नाही. उलट जिवाणूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी त्याने मरतात. पेनिसिलिनच्या बुरशीची गोष्ट आपण शाळेत शिकतो. माझ्या मते फ्लेमिंगचे हे आधीचे काम तितकेच मोलाचे होते. काँपिएन्यच्या रुग्णालयात अलेक्सिस कारेल आणि रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांनी सौम्य हायपोक्लोराइट रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी जखमेत सोडण्याची पद्धत बसवली. विल्यम बेअर या अमेरिकन सर्जनने १९१७मध्ये सात दिवस रणांगणावर पडून राहिलेले दोन सैनिक पाहिले. त्यांच्या जखमांत अळ्या वळवळत होत्या आणि अळ्यांखालचे मांस स्वच्छ, गुलाबी होते. पुढे बाल्टिमोरला त्याने हाडांच्या जुनाट संसर्गावर जाणूनबुजून अळ्या वापरल्या. आज ऐकायला किळसवाणे वाटते, पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४मध्ये औषधी अळ्यांना रीतसर परवानगी दिली आहे.

याच युद्धाच्या काळात, पण जखमेपासून दूर, पॅरिसजवळच्या मेझों-लाफितमध्ये घोडदळाच्या तुकडीत १९१५ साली रक्ती आवेची साथ आली. ती तपासायला पाश्चर संस्थेतून गेलेल्या माणसाचे नाव फेलिक्स देरेल. या माणसाबद्दल मला विशेष ओढ आहे हे कबूल करतो, कारण त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र तो स्वतःच शिकला. ग्वाटेमाला आणि मेक्सिकोत सरकारी नोकऱ्या केल्या, टोळांना रोग लावून मारण्याचे उद्योग केले, आणि स्वतःचा जन्म कॅनडातला असल्याचे आयुष्यभर सांगितले. प्रत्यक्षात तो पॅरिसमध्ये जन्मला होता. बरे होऊ घातलेल्या सैनिकांची विष्ठा इतक्या बारीक गाळणीतून त्याने गाळली की जिवाणू पलीकडे जाऊच नये. तो गाळलेला द्रव आवेच्या जिवाणूंवर टाकला तर गढूळ द्रावण पाण्यासारखे निवळे. काचेच्या ताटलीवर जिवाणूंची पांढुरकी साय वाढवून तिच्यावर तो द्रव शिंपडला तर सायीत स्वच्छ गोल छिद्रे पडत. फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रजानेही १९१५मध्ये असेच काही पाहून लिहून ठेवले होते. पण या छिद्रांचा अर्थ ठामपणे सांगितला तो देरेलने, सप्टेंबर १९१७मध्ये : जिवाणूंनाही त्यांचा परजीवी आहे, तो त्यांच्या आत शिरून वाढतो, त्यांना फोडून शेकड्यांनी बाहेर पडतो आणि पुढच्या जिवाणूत शिरतो. त्याने नाव दिले बॅक्टेरिओफाज, म्हणजे जिवाणूभक्षक.

त्या छिद्रांकडे वाचकाने जरा थांबून पाहावे अशी विनंती आहे, कारण लेखाचा पुढचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे. एक छिद्र म्हणजे एका फाजापासून सुरू झालेला वंशविस्तार. द्रव ठरावीक पटीने पातळ करत न्यायचा, ताटलीवर छिद्रे मोजायची आणि उलटा गुणाकार करायचा. मिलिलिटरमागे फाज किती, हे कळते. यंत्र लागत नाही, सूक्ष्मदर्शकही लागत नाही. रोकड मोजण्याइतके ते सरळ काम आहे. फाजाची दुसरी खोड अशी की तो भलताच चोखंदळ. स्टॅफिलोकॉकसचा फाज सुडोमोनासकडे ढुंकून पाहत नाही. एवढेच काय, एका रोग्याच्या स्टॅफिलोकॉकसला मारणारा फाज शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या स्टॅफिलोकॉकसला मारेलच असे नाही. म्हणजे औषध देण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात : हा फाज या जिवाणूला लागू पडतो का, आणि बाटलीत जिवंत फाज किती आहेत. फाजोपचाराचा शंभर वर्षांचा इतिहास मी वाचला तो या दोन प्रश्नांच्या चष्म्यातून.

१९१९मध्ये पॅरिसच्या बालरुग्णालयात आवेने आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला फाज पाजण्यात आला. त्याआधी देरेलने आणि तिथल्या डॉक्टरांनी तो स्वतः पिऊन पाहिला. जखमेच्या वाटेने फाज आला तो बेल्जियममधून. लूवेन इथे ब्रुइनोग आणि मेझँ यांनी १९२१मध्ये त्वचेच्या स्टॅफिलोकॉकस गळवांभोवती फाज टोचला आणि एक-दोन दिवसांत सूज व ताप उतरल्याचे नोंदवले. त्यांचे रुग्ण सहा होते.

इथून पुढे जी धांदल उडाली तिला तोड नाही. देरेलने पॅरिसमध्ये स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि बाटल्या विकायला आणल्या. पुवासाठी वेगळी, स्टॅफिलोकॉकससाठी वेगळी. त्यांची विक्री जिच्याकडे होती ती कंपनी आज लॉरेआल म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत इलाय लिली, स्क्विब, ॲबट यांनी आपापली उत्पादने आणली. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत हमखास असते की पाश्चात्त्य औषध कंपन्यांनी फाज दडपला. या यादीकडे पाहिले की त्या म्हणण्यात दम राहत नाही. कंपन्यांनी तो हौसेने विकायला काढला होता.

फसला तो बाटलीत. १९३३मध्ये स्ट्राउब आणि ॲपलबॉम यांनी अमेरिकेतल्या बाजारातली उत्पादने तपासली, तेव्हा त्यांची ताकद भरवशाची नसल्याचे दिसले. फाज टिकावा म्हणून घातलेले रसायन फाजालाच मारी, कधी उष्णतेने तो मरे. छिद्रे मोजण्याची युक्ती तोवर पंधरा वर्षे जुनी झाली होती, तरी रुग्णाला बाटली देण्याआधी ती कोण वापरत होते? १९३४मध्ये ईटन आणि बेन-जोन्स यांनी अमेरिकन वैद्यकीय संघटनेसाठी शंभराहून अधिक निबंध चाळून अहवाल दिला. तो फाजाच्या विरोधातला मृत्युलेख समजला जातो. मूळ वाचला तर त्यातही एक खिडकी उघडी आहे : स्टॅफिलोकॉकसच्या स्थानिक संसर्गांत, म्हणजे गळवे-जखमांत, आणि कदाचित मूत्राशयाच्या दाहात पुरावा थोडाफार पटण्याजोगा आहे, असे ते म्हणतात. ही ओळ उद्धृत करणारे थोडे. फाज हा सजीव कण आहे की नुसते पाचकद्रव्य, हेही तेव्हा ठरलेले नव्हते. अहवालाचा कल दुसऱ्या बाजूला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फाज दिसायला १९४० उजाडावे लागले.

भारताचा या कथेतला वाटा खरा आहे, पण आपण ज्याचा अभिमान मिरवतो तो नव्हे. अर्नेस्ट हँकिन या आग्ऱ्याच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञाने १८९६मध्ये पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात फ्रेंचमधून लिहिले की यमुना आणि गंगेचे पाणी पटकीचे जिवाणू मारते. यावरून 'गंगाजलात फाज सापडला, तोही देरेलच्या वीस वर्षे आधी' असे सर्रास लिहिले जाते. सुरुवातीला मीही एका व्याख्यानात तसे ठोकून दिले होते. नंतर मूळ फ्रेंच मजकूर आणि २०११मध्ये निघालेला त्याचा इंग्रजी अनुवाद शेजारी शेजारी ठेवून वाचला, तेव्हा घाम फुटला. उघड्या नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण जातो, हे सगळे सांगतात. पण नळी पक्की बंद करून अर्धा तास तापवली तर गुण कायम राहतो, हेही हँकिननेच नोंदवले आहे. फाज असता तर तो बंद नळीतही मेला असता. उघड्या नळीतून उडून जाणारे आणि बंद नळीत राहणारे काहीतरी वेगळेच द्रव्य ते असावे, असा तर्क अनुवादकांपैकी स्टीव्हन अबेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. मला तो पटतो. गंगेत फाज आहेत, ते कुठल्याही नदीत आणि गटारात असतात. हँकिनने पाहिले ते फाजच होते, एवढेच म्हणता येत नाही.

आपला खरा वाटा पुढचा आहे. १९२५मध्ये अलेक्झांड्रियात देरेलने प्लेगच्या चार रुग्णांच्या गाठींत फाज टोचला आणि चौघेही वाचले. त्या बातमीवरून त्याला परळच्या हाफकिन संस्थेत प्लेगवर काम करण्याचे निमंत्रण आले. पुढे त्याचा भर पटकीवर राहिला. कलकत्त्यात आणि पंजाबात त्याने रुग्णांना फाज दिला. पाटण्याला इगोर आशेशोव्ह आणि शिलाँगला मॉरिसन यांच्याकडे चौकशीची सूत्रे गेली. मॉरिसनने आसामात नौगाव भागातल्या खेड्यांत फाज वाटला आणि हबीगंज भाग तुलनेसाठी फाजाविना ठेवला. जमेच्या बाजूला काही मांडायचे तर नावेची बाजूही असावी, हे या कामात कुणाला तरी सुचले होते. दोन भाग जुळे नव्हते, साथी दरवर्षी सारख्या येत नाहीत, त्यामुळे निष्कर्ष वादात अडकला. तरी त्या काळातल्या बहुतेक युरोपीय दाव्यांपेक्षा हा प्रयोग मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र तो पटकीचा होता. जखमेसाठी आपल्याला तिबिलिसीला जावे लागते.

जॉर्जियाच्या या राजधानीत गिओर्गी एलियावाने १९२३मध्ये संस्था उभारली. तो पॅरिसला पाश्चर संस्थेत शिकला होता, देरेलचा मित्र होता. देरेल १९३३ ते ३५च्या दरम्यान दोनदा तिथे जाऊन राहिला, पुस्तक लिहिले आणि ते स्टालिनला अर्पण केले. रशियन भाषांतर एलियावाने केले. मित्राच्या शेजारी कायमचे राहायला येण्याचा बेत होता, घरही बांधले जात होते. १९३७मध्ये एलियावाला 'लोकशत्रू' ठरवून गोळी घालण्यात आली. त्याची पोलिश पत्नी ऑपेरात गात असे. तिलाही ठार केले गेले. देरेल पुन्हा तिबिलिसीला गेला नाही. संस्था मात्र चालू राहिली, कारण लष्कराला तिची गरज होती.

१९३९-४०च्या फिनलंडविरुद्धच्या युद्धात सोव्हिएत फिरत्या वैद्यकीय तुकड्यांनी वायुकोथाच्या जिवाणूंवरचे फाजमिश्रण जखमांत वापरले. कोकिन नावाच्या डॉक्टरच्या १९४१च्या अहवालात ७६७ जवानांची नोंद आहे. फाज दिलेल्यांत मृत्यू शेकडा १८.८, इतर उपचार झालेल्यांत शेकडा ४२.२. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा रात्री झोप लागली नाही. फरक निम्म्याहून अधिक. मग बँकेतली सवय जागी झाली. कोणता जवान कोणत्या रकान्यात घातला, हे कुणी ठरवले? ज्याला फाज मिळाला तो तुकडीच्या जवळ पडला होता म्हणून मिळाला का, आणि जवळ होता म्हणूनच शस्त्रक्रियाही लवकर झाली का? वायुकोथात कुजलेले मांस किती तासांत कापून काढले, यावर जीव अवलंबून असतो. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची रीत तेव्हा नव्हती. त्यामुळे हा आकडा खोटा म्हणता येत नाही आणि पुरावा म्हणून जमेलाही धरता येत नाही. आमच्याकडे अशा रकमांसाठी 'अनामत' नावाचे खाते असे.

तिथल्याच झिनाइदा येर्मोल्येवा या विदुषीचे उदाहरण बोलके आहे. १९४२मध्ये स्टालिनग्राडला पटकी रोखण्यासाठी तिने फाज तयार केला, आणि त्याच वर्षी सोव्हिएत पेनिसिलिनही तिनेच तयार केले. दोन्ही औषधे एकाच बाईच्या टेबलावर होती. फाजाला तपासणी लागते, जोडी जुळवावी लागते. पेनिसिलिन जिवाणू ओळखण्याआधीच देता येई. गोळ्या झेलून आलेली माणसे रांगेत पडलेली असताना सर्जन कोणती बाटली उचलेल हे सांगायला नको. पश्चिमेत फाज मागे पडला त्याचे मुख्य कारण मला हेच दिसते. रशिया, जॉर्जिया आणि पोलंडमध्ये तो टिकला. व्रोत्स्लाफच्या संस्थेतून तर रुग्णागणिक फाज निवडून दिला जाई. पण बरेचसे अहवाल रशियनमध्ये, काही लष्करी, आणि बहुतेकांत तुलनेचा गट नाही.

सोव्हिएत संघ फुटल्यावर तिबिलिसीत यादवी माजली, वीज जाऊ लागली. शीतकपाटे बंद पडत तेव्हा संस्थेतल्या लोकांनी फाजांचे नमुने घरी नेऊन सांभाळले. त्याच देशात डिसेंबर २००१मध्ये लिया गावाजवळच्या जंगलात तीन लाकूडतोड्यांना दोन डबे सापडले. भोवतालचा बर्फ वितळलेला, डबे गरम. थंडीची रात्र होती, त्यांनी ते उबेसाठी जवळ घेतले. ते सोव्हिएत काळातल्या वीजनिर्मिती संचातले स्ट्रॉन्शियम-९० होते. पाठी भाजल्या, आणि त्या भाजलेल्या जागी स्टॅफिलोकॉकस शिरला. नेहमीची प्रतिजैविके चालेनात. महिनाभराने दोघांच्या जखमांवर 'फाजोबायोडर्म' नावाचा विरघळणारा पापुद्रा लावला. त्यात फाज आणि सिप्रोफ्लॉक्सासिन दोन्ही भिजवलेले होते. जिवाणू सिप्रोला दाद देत नव्हता, पण फाजाला बळी पडत होता. काही दिवसांत पू थांबला आणि तो जिवाणू नाहीसा झाला. या नोंदीत मला पहिल्यांदा माझ्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आधीच घेतलेले दिसले : लागू पडतो का, हे लावण्यापूर्वी तपासले होते.

दुसऱ्या प्रश्नाचा धडा मिळाला तो युरोपच्या पैशातून झालेल्या 'फाजोबर्न' या चाचणीत.  फ्रान्स आणि बेल्जियममध्ये, सुडोमोनासने दूषित झालेल्या भाजलेल्या जखमा, चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट. एका गटाला बारा फाजांचे मिश्रण, दुसऱ्याला आपल्याकडेही भाजल्यावर लावतात ते पांढरे सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम. औषधनिर्मितीच्या कडक नियमांत मिश्रण बसवण्यातच प्रकल्पाचा बराच काळ गेला, आणि शेवटी रुग्ण मिळाले २७. जानेवारी २०१७मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. जिवाणूंचे प्रमाण ठरलेल्या पातळीला यायला मलमाच्या गटात साधारण ४७ तास लागले, फाजाच्या गटात १४४. हरलाच की फाज! पण अहवालात पुढे बाटलीचा हिशेब दिला आहे. मिलिलिटरमागे दहा लाख फाज द्यायचे ठरले होते. मिश्रण साठवणीत राहिल्यावर त्यातले फाज झपाट्याने कमी झाले, आणि रुग्णाच्या जखमेवर प्रत्यक्षात पडले ते मिलिलिटरमागे दहा ते शंभर. दहा लाखांच्या जागी शंभर! शिवाय ज्यांच्यात उपचार फसला त्यांच्या जिवाणूंना एवढा तुटपुंजा डोस पुरत नव्हता, असेही आढळले. १९३३ची अमेरिकन बाटली आणि २०१६ची युरोपीय बाटली यांत चौऱ्याऐंशी वर्षे नसली तरी ब्याऐंशी-त्र्याऐंशी तरी आहेत, आणि चूक तीच. फरक एवढाच की या वेळी चूक करणाऱ्यांनी ती स्वतः मोजून छापली. म्हणून मी या फसलेल्या चाचणीला फाजाच्या इतिहासातले सर्वांत उपयोगी काम मानतो. माझे एक डॉक्टर मित्र यावर वाद घालतात, पण ते असो.

त्याच सुमारास आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात गोपाल नाथ आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांहून अधिक काळ न भरलेल्या जखमांचे वीस रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या जखमेतला जिवाणू वेगळा काढून त्याला लागू पडणारा फाज दिवसाआड लावला. २०१९च्या त्यांच्या निबंधानुसार एकविसाव्या दिवसापर्यंत सात जणांच्या जखमा पूर्ण भरल्या. त्याआधी २०१६मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मधुमेह्यांच्या पायाच्या बोटांवरचे सहा व्रण तिबिलिसीच्या स्टॅफिलोकॉकस फाजाने सरासरी सात आठवड्यांत भरले. तिथे कुजलेले हाडही काढले होते. ज्या एका व्रणात रक्तपुरवठा फारच कमी होता आणि हाड काढले नव्हते, त्याला अठरा आठवडे लागले. दोन्हीकडे तुलनेचा गट नाही. म्हणजे ही रक्कमही अजून अनामतच.

ब्रुसेल्स विमानतळावर मार्च २०१६मध्ये स्फोट झाले, ते मराठी वाचकाला पिवळ्या जॅकेटातल्या मुंबईच्या विमान-कर्मचारी स्त्रीच्या छायाचित्रामुळे आठवत असतील. मी सांगतोय ती रुग्ण ती नव्हे. त्याच स्फोटात मांडीचे हाड मोडलेली तिशीतली दुसरी स्त्री. तिच्या जखमेतल्या क्लेब्सिएला जिवाणूवर कुठलेच प्रतिजैविक धड चालेना. सातशेहून अधिक दिवस ती औषधांवर होती. अखेर तिबिलिसीत त्या नेमक्या जिवाणूवर फाज पुन्हा पुन्हा वाढवून अधिक धारदार केला गेला, आणि तो ब्रुसेल्सला तिच्या जखमेत सोडला. हाड सांधू लागले; तीन वर्षांनी ती चालत होती. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधातली महत्त्वाची गोष्ट अशी की फाजाबरोबर प्रतिजैविकेही चालू होती, आणि प्रयोगशाळेत दोन्ही मिळून एकट्या फाजापेक्षा अधिक मारत होती. 'प्रतिजैविकांना पर्याय' हा शब्द मी या विषयावर बोलताना वापरत असे. तो आता सोडला आहे.

साहजिकच सगळे विचारतात, दादाचा पाय वाचला असता का? त्याच्या पायाचा रक्तपुरवठा तपासला तेव्हा पोटरीखाली जवळजवळ बंद होता. बनारसचे काम तेव्हा प्रसिद्ध व्हायचे होते. अठरा आठवडे लागलेल्या त्या सहाव्या व्रणाबद्दल वाचले की मला दादाचा अंगठा दिसतो, आणि तो व्रण शेवटी भरला होता हेही आठवते. यापुढे मी जात नाही.

लेखाचा कच्चा खर्डा मी दादाला वाचून दाखवला. तिबिलिसीत परदेशी रुग्णांवर उपचार होतात, आधी जखमेचा नमुना पाठवावा लागतो, असे सांगितले तर म्हणाला, "म्हणजे आधी माझा पू विमानात बसणार, मग मी." मग जयपूर फूटचा पट्टा आवळत त्याने विचारले,

"त्या लाकूडतोड्यांचं पुढं काय झालं रे?"

"तिघांपैकी एक जण २००४ला वारला. किरणोत्साराची जखम होती दादा, ती भरलीच नाही."

"पण पू थांबला होता ना?"

"थांबला होता."

"मग ते लिहिलंयस का नीट?"

लिहिले आहे.